पाणी मागणारी डॉक्टरीण

"पण ते बोलत नाही हो, बाई."

हा आईचा आवाज. मी मधल्या दाराआड उभी होते, आणि 'ते' म्हणजे मी. आमच्या भागात पोरीलाही 'ते' म्हणतात.

"मले बोलणारी नकोच आहे," दुसरा आवाज म्हणाला. जाडसर, थोडासा झोपाळलेला आवाज. "बोलणारे तिथं लई होऊन राहिले. समितीच्या बाया बोलतात, सौसरहून साहेब येऊन बोलतात, तुमचे यजमान तर सकाळपासून बोलून राहिले. मले एक चूप बसणारं माणूस द्या."

"नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेलं पोर. तिथं त्या घाणीत..."

"घाण मी पाहीन. तिले फक्त माह्याजवळ बसू द्या."

आई काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं म्हणजे नकार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग तोच आवाज अगदी सहज म्हणाला, "आणि पाणी द्या ना जराक. केव्हाची बसली आहे मी."

आई चपापली. पाहुणी येऊन बसली आणि पाणी विचारायचं राहून गेलं, असं आमच्या घरी कधी झालं नव्हतं. ती लगबगीनं आत आली, माठातून पाणी घेतलं, गुळाचा खडा शोधला, वाटी दोनदा पुसली. परत गेली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "दिवेलागणीच्या आत घरी पाठवा म्हणजे झालं," ती म्हणाली.

हे कसं घडलं ते तेव्हा मला कळलं नाही. पुढे तीच गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली, की आता आठवताना सगळे प्रसंग एकमेकांत मिसळतात आणि सगळीकडे एकच दुपार असल्यासारखी वाटते.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सिंधमधून आलेली काही कुटुंबं पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उतरली. माझे वडील जिनिंगमध्ये मॅनेजर होते. तिथली कापसाची दोन मोठी गोदामं रिकामी होती, ती त्या लोकांना राहायला दिली. गोदामं रिकामी म्हणायची एवढंच. छताच्या कैच्यांना, भिंतींच्या भेगांना, कोळ्यांच्या जाळ्यांना वर्षानुवर्षांचा कापूस चिकटलेला होता. कोणी चाललं, पोर रडलं, दार उघडलं, की तो सुटून हवेत तरंगायला लागे. तिथं बसलेल्या माणसांच्या केसांवर, पापण्यांवर तो हळूहळू उतरत राहायचा. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला वाटलं, ही सगळी माणसं फार जुनी आहेत आणि आपण त्यांना स्वप्नात पाहतो आहोत.

अनसूयाबाई ठोंबरेंना गाव 'डॉक्टरीणबाई' म्हणायचं. त्या मूळच्या रामाकोन्याकडच्या, शेतकरी घरातल्या. लहानपणीच वैधव्य आलं, भावानं हट्टानं शिकवलं, नागपूरला डॉक्टरकी केली. हे मला इकडून तिकडून तुकड्यांनी कळलं. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आमचं दोघींचं जमलं ते बहुधा यामुळेच.

बुटक्या, रुंद, जाड काठाचं लुगडं नेसलेल्या. हातात पुरुषी काळी छत्री, तिच्या मुठीला स्टेथोस्कोप लटकवलेला. औषधांची पेटी म्हणजे संत्र्यांचं एक खोकं होतं. सुतारानं त्याला बिजागऱ्या आणि कडी बसवून दिली होती. आत टिंक्चर होतं, बोरिक होतं, कुनैन होतं, पण झाकण उघडलं की आधी संत्र्याचा वास यायचा. गोदामातली पोरं त्या वासानं जवळ सरकायची. त्यांतली जी पोरं आता कुठे कुठे मोठी होत असतील, त्यांना संत्रं सोलताना अजून सुईची भीती वाटते की काय, असं माझ्या मनात येतं.

पहिल्या दिवशी गावातल्या मदत समितीच्या बायका दाराशी जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन उभ्या होत्या. आतल्या बायका आतच होत्या. कोणी कोणाकडे जात नव्हतं. बाई गाठोड्याला वळसा घालून आत गेल्या, पहिल्याच चुलीपाशी जमिनीवर बसल्या, गुडघा चोळला आणि समोरच्या म्हातारीला म्हणाल्या, "पाणी मिलेगा क्या, माय?"

ती म्हातारी म्हणजे अम्मा. पुढे ती साऱ्या गोदामाची अम्मा झाली. तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग दारातल्या बायकांकडे. हे लोक द्यायला आले आहेत की मागायला, हे तिला उमगेना. मग तिनं मागे हात घालून एक बोचकं ओढलं, गाठ सोडली, आतली ओढणी उलगडली. तिच्यात काशाचा एक कटोरा होता. एवढ्या लांबून तो एकच बहुधा आला होता. तिनं तो राखेनं घासला, विसळला, पुन्हा विसळला आणि भरून दोन्ही हातांनी पुढे केला. तो पुढे करताना तिची पाठ सरळ झाली. इतका वेळ ती वाकलेली होती, हे मला तेव्हा समजलं.

बाई सावकाश प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं.

"पाणी," अम्मा कटोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, अगदी आपल्यासारखा 'ण' लावून.

"पाणीच," बाई म्हणाल्या. "आता पाय दाखव."

बाई सगळ्यांचे आधी पाय पाहायच्या. ताप असो, खोकला असो, पोटदुखी असो. भेगा, फोड, चिघळलेली टाच, काट्याचं काळं तोंड. "तोंड खोटं बोलते, मडम," मला सांगायच्या. "पायाले ते जमत नाही." मला त्या पहिल्या दिवसापासून मडम म्हणत. कॉन्व्हेंटमुळे असावं. त्यात थट्टा होती, पण टोचणारी नव्हती.

माझं काम फारसं नव्हतं. गरम पाण्याचं भांडं धरायचं, पट्ट्या फाडायच्या, बाई ज्यांच्याकडे पाहत नसतील त्यांच्याकडे पाहायचं. "मी एकाले पाहून राहिली असते, तेव्हा दुसरा काहीतरी लपवून राहिला असते," त्या म्हणायच्या. "ते तू पाहजो. सांगू नोको तिथं. बाहेर आल्यावर सांगजो." बाहेर आल्यावर मी सांगायची. दिवसभरात मी बोललेली तेवढीच वाक्यं असत.

मी निघताना आई रोज एक गोष्ट बजावायची, "काहीही कर, पण तिथलं पाणी पिऊ नको." मी पीत नव्हते. घरून कोणी बाटली द्यावी असंही मला सुचलं नाही, किंवा सुचून मागता आलं नाही. शाळेतही मी कधी काही मागत नसे. हात वर करण्यापेक्षा तहानलेलं राहणं सोपं वाटायचं. संध्याकाळी घरी आले की माठाशी उभी राहून पोटभर प्यायचे.

बाई मात्र प्रत्येक चुलीपाशी पाणी मागायच्या. कुठे घोटभर, कुठे ओठाला लावण्यापुरतं. एकदा घरी परतताना जिनिंगच्या फाटकाजवळ थांबून त्या आपणहून म्हणाल्या, "ज्याच्या घरचं पाणी आपण प्यालो, त्याच्या घरी आपण पाहुणे. हे लोक इथं आले तवापासून घेऊनच राहिले. धान्य घ्या, कपडे घ्या, सुई घ्या. घेऊन घेऊन माणूस बिमार पडते. कोणी काही मागितलं का अर्धा ताप तिथंच उतरते."

"आणि उरलेला?" मी विचारलं.

"त्याच्यासाठी कुनैन आहे ना बाप्पा."

बाईंना कुठेही झोप लागायची. दोन रोग्यांच्या मध्ये, खांबाला टेकून, छत्री मांडीवर. मी नसलेली माशी वारत बसायची. मिनिटभरात डोळे उघडून त्या मधलंच वाक्य पुढे चालू करायच्या. गाव म्हणायचं, डॉक्टरीणबाई झोपेत निदान करते.

अम्माच्या म्हाताऱ्याला मात्र झोप येत नव्हती. रूळ गोदामाच्या मागूनच जात. इंजिनाची शिटी झाली, की तो उठून बसायचा आणि सगळ्यांना उठवायचा. गाडी सुटेल, पोरं मोजा, सामान उचला. प्रवास संपला आहे हे त्याला पटतच नव्हतं. बाईंनी औषध दिलं. औषधानं तो बसल्या बसल्या पेंगायचा, पण आडवा होत नसे. लोक म्हणाले, याला जामसांवलीच्या मारुतीला न्या, बाहेरचं काही असेल. मला वाटलं, बाई चिडतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी बैलगाडी सांगितली.

त्या प्रवासातलं मला फार थोडं आठवतं. संत्र्याच्या बागांना बहार आला होता. रस्ताभर तो वास येत होता, इतका दाट, की बैलही हळू चालतायत असं वाटत होतं. म्हातारा गाडीत ताठ बसलेला, हातात गाठोडं. जामसांवलीचे मारुतीराय उभे नाहीत, पिंपळाखाली निजलेले आहेत. म्हातारा त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"ये सोता है?" त्यानं विचारलं.

"हां."

"गाडी छूट जाएगी."

"इसको किदर जाना नही, बाबा," बाई आपल्या हिंदीत म्हणाल्या. "ये यहींच रहता."

म्हातारा विचार करत राहिला. मग गाठोडं डोक्याखाली घेऊन तो तिथंच ओसरीवर आडवा झाला. उन्हं कलेपर्यंत झोपला. तिथं शिटी ऐकू येत नव्हती. बाई त्याच्या उशाशी बसून संत्रं सोलत होत्या आणि फोडी मला देत होत्या.

गावात थट्टा झाली, की डॉक्टरीणबाईनं केस मारुतीरायाला सोपवली. "ते माह्याहून सीनियर आहेत," बाईंनी उत्तर दिलं. "केस कठीण झाली का सीनियरकडे पाठवा लागते."

अम्माची सून मोहिनी. तिचा नवरा वाटेत कुठेतरी मागे राहिला होता, पुढच्या गाडीनं येतो म्हणाला होता. मोहिनी पोटुशी होती आणि कोणाशी बोलत नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसायची. कापूस तिच्या ओढणीवर उतरायचा, तो ती झटकतही नसे. बाई जवळ गेल्या की ती अंग आक्रसून घ्यायची. समितीच्या एका बाईंनी तिला हात लावायचा प्रयत्न केला, तेव्हा ती अशी ओरडली की दुसऱ्या गोदामातून माणसं धावत आली.

बाईंनी पुन्हा तसं कोणाला करू दिलं नाही. "चुलीची मालकीण सासू आहे," त्या मला म्हणाल्या. "पाणी सासू देते. या पोरीच्या हातचं पाणी मी अजून प्याली नाही. तिनं दिलं का मग पाहीन तिले."

मनातलं माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं.

"समजून राहिली मी. नाही दिलं तर काय, असंच ना?" त्या चालता चालता थांबल्या. छत्रीचं टोक मातीत फिरवत राहिल्या. "पोट आडवं दिसून राहिलं तिचं. पोर आडवं असलं आणि तसंच राहिलं, तर दोघंही जातील. वेळेवर हात लावू दिला तर फिरवता येते, बाहेरूनच, हळूहळू. पण हात लावू दिल्याशिवाय कसं फिरवू? आणि जबरदस्तीनं लावला तर पोर फिरंल, पोरगी नाही फिरायची."

त्यानंतर मी गोदामात गेले की आधी मोहिनीकडे पाहायची. तिचं पोट दर आठवड्याला रुंद होत होतं. उन्हाळा चढत होता. ती पाणी द्यायला काही उठत नव्हती.

मग बोरगावकडे हैजा, म्हणजे कॉलरा, आला. गोदामांसाठी आवारात एकच विहीर होती. एका सकाळी तालुक्याहून एक माणूस आला, त्यानं विहिरीत लाल औषध टाकलं आणि सायकलवर बसून निघून गेला. आपल्याकडे त्यात नवल नव्हतं. हैजा आला की विहीर लाल होते, हे आमच्याकडच्या पोरांनाही माहीत असतं, म्हणून कोणाला सांगायचं असतं हे त्याला सुचलं नसेल. गोदामातल्या बायका पाण्याला गेल्या आणि बादली वर आली ती गुलाबी-जांभळी, जशी काही कोणी खाली रंग खेळलं आहे.

तिकडे सिंधमध्ये शेवटच्या दिवसांत विहिरींत विष टाकल्याच्या वार्ता उठल्या होत्या. खऱ्या की खोट्या, कोणी पाहायला थांबलं नव्हतं. इथं तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. अम्मानं बादली ओतून दिली. पुरुष घागरी घेऊन नाल्यावर गेले. नाल्यात उन्हाळ्यापुरतं डबकं उरलं होतं, गुरं तिथंच बसत. पण पाणी पांढरं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा गोदाम गप्प होतं. बाई नेहमीप्रमाणे अम्माच्या चुलीपाशी बसल्या. नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "पाणी मिलेगा क्या, माय?"

अम्मानं कटोरा घासला. घागरीतून भरला. दोन्ही हातांनी पुढे केला. बाईंनी हात पुढे केला आणि कटोऱ्यात पाहिलं. तळाशी बारीक गाळ हलत होता. त्यांनी घागरीकडे पाहिलं, घागरीच्या बुडाला लागलेल्या चिखलाकडे पाहिलं.

"हे कोठचं?"

अम्मानं नाल्याच्या दिशेनं हात केला.

त्या वेळी बाईंचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहिला. इतके महिने या एका गोष्टीवर त्यांनी सगळं उभं केलं होतं, की दिलेलं पाणी नाकारायचं नाही. त्यांनी कटोरा खाली ठेवला.

"ये नही. लाल पाणी दे."

"वो जहर है."

"दवा है. हमारे गाँव में भी डालते."

"मेहमान को जहर कैसे दूँ, बेटी?" अम्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की हे तिच्याकडे का मागितलं जातं आहे.

बाई उठून विहिरीवर गेल्या असत्या, स्वतः ओढून प्यायल्या असत्या, तर काम झालं असतं असं मला वाटलं. नंतर मी तसं म्हणालेही. "मी प्याली असती," त्या म्हणाल्या. "म्हणजे काय झालं असतं? डॉक्टरीणीनं दवा घेतली. डॉक्टरीणीले काही होत नाही, असंच म्हटलं असतं. त्यांनी दिलं पाहिजे होतं."

त्या बसून राहिल्या. म्हणाल्या, "पाणी प्याल्याशिवाय मी जात नाही. लाल पाणी. तुझ्या हातानं."

ती दुपार मला कधी नीट सांगता येणार नाही. पत्रे तापून कडकड वाजत होते. हवेतला कापूस खाली उतरायचाही थांबला होता, जिथल्या तिथं लटकून राहिला होता. नाल्याचं पाणी घागरीत होतं, त्याकडे पोरं पाहत होती, आणि बाईंनी ते नाकारल्यामुळे आया पोरांना ते द्यायला धजत नव्हत्या. कोणाच्याच घशात पाणी गेलं नाही. बाईंचे ओठ सुकून पांढरे झाले. त्या खांबाला टेकून डोळे मिटून होत्या, पण झोपल्या नव्हत्या. त्यांची बोटं छत्रीच्या मुठीवर हलत होती. माझी जीभ टाळूला चिकटली होती. शिटी झाली, म्हातारा उठून बसला, कोणी काही बोललं नाही म्हणून परत आडवा झाला.

भिंतीकडून काहीतरी हललं. मोहिनी उठत होती. एक हात भिंतीला, एक पोटाखाली. तिनं सासूच्या पुढ्यातला कटोरा उचलला, त्यातलं पाणी मातीत ओतलं आणि पाय फाकून, डुलत, उन्हात विहिरीकडे गेली. रहाटाचा आवाज आला. कोणी मदतीला उठलं नाही. उठायचं कोणाला आठवलं नसावं.

ती परत आली तेव्हा काशाच्या कटोऱ्यात ते रंगीत पाणी हलत होतं. ती बाईंसमोर उभी राहिली. मग कटोरा बाईंना देण्याआधी तिनं तो स्वतःच्या ओठांना लावला आणि अर्धा रिकामा केला.

अम्मा ओरडली. मोहिनी उभी होती. सगळे तिच्याकडे पाहत होते. वाट पाहत होते. तिच्या ओठांवर ओला गुलाबी रंग होता आणि ती पहिल्यांदाच कोणाकडे तरी, बाईंकडे, सरळ पाहत होती. मग तिनं उरलेलं पाणी पुढे केलं.

बाई शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग कटोरा परत देताना म्हणाल्या, "अभी पाय दाखव, बेटा."

मोहिनी खाली बसली आणि तिनं पाय पुढे केले. पायांवर हात ठेवून बाई बराच वेळ बसल्या होत्या. मग तो हात पोटावर गेला, तेव्हा ती आक्रसली नाही.

एव्हाना बायका विहिरीकडे निघाल्या होत्या. कोणीतरी कटोरा पुन्हा भरून आणला होता, आणि मोहिनीनं तो बसल्या जागेवरून माझ्याकडे सरकवला. मी मागितलं नव्हतं. मी आईचं ऐकणारी मुलगी. मी प्यायले. लोखंडासारखी चव होती. त्याहून चांगलं पाणी मी त्यानंतर प्यायलेले नाही.

परतताना बाई म्हणाल्या, "तहान लागली होती ना तुले? सकाळपासून?"

मी मान हलवली.

"रोजच लागत असंल. मागितलं काहून नाही कधी?"

मी चालत राहिले.

"मी समजत होती तू लाजाळू आहे. पण न मागणारा माणूस लई मानी असते, मडम. समोरच्याले काही देऊच देत नाही." मग जराशानं, हसून, "आज तुले न मागता भेटलं. दरवेळी तसं भेटत नाही."

घरी आईनं माझ्या ओठांवरचे बदामी डाग पाहिले. तिनं काही विचारलं नाही, फक्त अंघोळीला पाणी तापवलं.

पोर आडवंच होतं. बाईंनी ते हळूहळू, पुढच्या काही दिवसांत, थोडं थोडं हात फिरवत सरळ केलं. कधी फिरायचं, कधी परत आडवं व्हायचं. "जिद्दी आहे," बाई म्हणायच्या, "याले बी वाटून राहिलं का गाडी सुटंल." एका सकाळी, ऊन व्हायच्या आत, मुलगी झाली. गोदामातली माणसं तिला पांढुर्णेवाली म्हणू लागली. मोहिनीनं ते पाणी आधी का प्यायलं, बाईंना वाचवायला की स्वतःचा शेवट करायला, हे मी खूप वेळा मनात घोळवलं. एकदा बाईंनाही विचारलं. "तिलेच माहीत नसंल," त्या म्हणाल्या. "तहानही लागली असंल. ते बी एक कारण असते."

पुढे गोदामं रिकामी झाली. अम्माचं कुटुंब नागपूरकडे गेलं. मी शिकले, पांढुर्ण्यालाच शाळेत शिकवू लागले. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही अशी तक्रार असते. बाई सौसरला दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेल्या. राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. त्या दिवसांत मी त्यांना भेटले होते. "पाहाय गंमत," त्या म्हणाल्या. "ते इतक्या दुरून आले आणि नागपुरात घरचे झाले. आपण वावरातून हललो नाही, तरी दुसरीकडे आलो. आता आपल्याले कोण पाणी मागंल?"

त्यानंतर त्यांना लकव्याचा झटका आल्याचं कळलं. मी गेले ते हिवाळ्याच्या दुपारी. त्यांचा भाचा रामाकोन्याहून येऊन राहिला होता, त्याची बायको सुमन सगळं करत होती. दारातच ती मला म्हणाली, "काही घेऊनच नाही राहिल्या हो. औषध नाही, पाणी नाही. डॉक्टर आले तर भिंतीकडे तोंड करून घेतात."

खोलीत बाई खाटेवर कुशीवर होत्या, भिंतीकडे तोंड करून. डावं अंग गेलं होतं. खाटेशी स्टुलावर तांब्या आणि त्यावर उपडं घातलेलं फुलपात्र होतं, उजवा हात पोचेल असं. कोपऱ्यात ते संत्र्याचं खोकं होतं. खिडकीतून छोट्या आगगाडीचा धूर दिसत होता आणि उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत होते, गोदामातल्या कापसासारखे.

"आत्याबाई, पाहा कोण आलं. घ्या ना दोन घोट," सुमन म्हणाली. "यांच्यासाठी तरी घ्या."

बाई हलल्या नाहीत. सुमननं माझ्याकडे पाहिलं. आता मी काहीतरी समजुतीचं बोलावं, असं तिचं म्हणणं होतं. सगळे त्यांना घ्या म्हणत होते. औषध घ्या, पाणी घ्या, फळ घ्या.

मी बाईंचे पाय पाहिले. पांघरुणाबाहेर आले होते. टाचा भेगाळलेल्या, त्यांत अजून काळ्या मातीची रेघ. मी आणलेली संत्री खाली ठेवली. खाटेजवळ जमिनीवर बसले. गुडघा चोळला. सुमन काही बोलणार होती, ती थांबली. बराच वेळ मी तशीच बसून राहिले. सौसरच्या स्टेशनापासून उन्हात चालत आले होते आणि खरंच घसा सुकला होता.

मग मी मोठ्यानं म्हणाले, वर्गात कधी निघाला नाही इतक्या मोठ्यानं:

"बाई, पाणी द्या ना जराक. केव्हाची बसली आहे मी."